दारातली काच

२ ऑक्टोबर
नव्या ऑफिसातला पहिला दिवस. लुवैब्दे टेकडीचा चढ चढताना दम लागला, पण वर पोचल्यावर अख्खं अम्मान उन्हात पसरलेलं दिसलं आणि किती महिन्यांनी मला सपाटून भूक लागली. इयाद, म्हणजे आमचे मालक, त्यांनी झातरचा मसाला लावलेल्या गरम रोट्या मागवल्या. म्हणाले, "आधी खाऊन घे रुवैदा. आमचं मॉडेल बघितल्यावर घास उतरत नाही."

इर्बिदला लहान मुलांचं रुग्णालय होणार आहे. संगणकावर इमारत पूर्ण उभी आहे, माझ्याकडे फक्त दारं. माझ्याआधी हेच करणारा नदीम काम अर्धवट टाकून गेला. का, ते मी विचारलं नाही. मलाही कोणी काही विचारू नये एवढंच वाटत होतं. कोणी विचारलं नाही. चांगली माणसं आहेत.

४ ऑक्टोबर
विलगीकरणाच्या खोल्यांचं दार म्हणजे डब्यात डबी. दारात पल्ला, म्हणजे उघडणारी फळी, आणि पल्ल्यात काच. दाराला सांगितलेली काचेची जमिनीपासूनची उंची पल्ल्यातून काचेपर्यंत पोचायला हवी. मी १४० सेंटिमीटर लिहायचे, काच ढिम्म. आत शिरून पाहिलं तर नेहमीचंच दुखणं, बाहेरचा आकडा आतल्या आकड्याशी जोडलेलाच नव्हता. आतून बाहेर एकेक थर जोडत आले, मॉडेलमध्ये परत भरताना जुने आकडे पुसले. काच झटकन वर आली. इयाद म्हणाले, "नदीम महिनाभर भांडत होता गं तिच्याशी." मी ऐटीत दुसरा चहा मागितला.

५ ऑक्टोबर
सगळ्या काचा जागेवर, फक्त पॅसेजच्या टोकाच्या खोलीची खाली उतरलेली. ९६ वर. सगळी दारं एकाच घटकाच्या प्रती आहेत. उंची एकेका प्रतीपुरती ठेवली असेल तरच एक वेगळी वागेल. तशी ठेवलेली नाही. दोनदा तपासलं.

८ ऑक्टोबर
ते दार पुसून नवं बसवलं. पल्ला नव्याने काढला, काचही. नदीमची एक रेघ ठेवली नाही. जेवून आले तर ९६.

इयाद म्हणाले, मॉडेल आपण सांगू तेवढंच करतं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "दोन दिवस घरी बस, बाई."

९६ कुठला ते मला आकडा दिसला त्याच दिवशी कळलं होतं. लिहवत नव्हतं.

माझी लुजैन. पाचवं लागलं होतं. शेवटचे दिवस तिला अशाच खोलीत ठेवलं होतं, मला आत सोडत नव्हते. दारातली काच मोठ्या माणसांच्या डोळ्यांना येईल अशी. ती पलंगावर असली की दिसायची. पण मला बघायला पलंगावरून उतरून दाराशी यायची आणि नेमकी तिथेच दिसेनाशी व्हायची, काचेच्या खाली, वरून फक्त केस दिसायचे. मी इकडून दार थोपटायचे, ती तिकडून. भिंतीवर आम्ही तिची उंची मोजत असू. तिचे डोळे ९६ वर यायचे.

११ ऑक्टोबर
नदीमला फोन केला. म्हणाला, त्याच्या वेळी काच नव्हे, जिन्याचा कठडा होता. त्याच्या वारलेल्या आईचा हात पोचेल तिथे खाली यायचा. "मी कंटाळून तसाच राहू दिला. तेव्हापासून तिने हात धरलाय. सोडत नाही गं. माझा उजवा हात आता उचलला जात नाही." मग विचारलं, "तुझं कोण आहे?"

मी फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर
भर दुपारी, सगळे शेजारी बसलेले असताना, मॉडेलमध्ये त्या पॅसेजमधून चालत गेले. नजरेची उंची ९६ ठेवली. काचेवर आतून वाफ धरली होती. बोटाएवढी जागा पुसलेली.

वर करायला हवी होती काच. नदीमने सांगितलंच होतं.

मी ९६ कायम केलं.

१३ ऑक्टोबर
घरी स्वयंपाकघराच्या दाराला काच आली आहे. लाकडी दार होतं. गुडघे टेकून पाहिलं.

तीच. तिचेच डोळे. किती वेळ बघत होतो आम्ही एकमेकींना. दार उघडलं तर पलीकडे नुसतं स्वयंपाकघर.

१५ ऑक्टोबर
काच ७०. मी न बदलता. मॉडेलमध्येही, इथेही. ती वाकत नाहीये, उभीच आहे. उभी राहून खाली चाललीय.

आकडे जोडून पाहिले, तोडून पाहिले. वर येत नाही. इयादचे फोन येतात. घेत नाही.

१६
४०. पोटावर झोपून बघते. काचेवर माती.

ती म्हणते, यम्मा, इथे अंधार आहे. मी म्हटलं, वर ये. तिला येता येत नाही.

१७
शून्य. फरशीला टेकली.

१८
उणे. असला आकडा मॉडेलमधलं दार घेत नाही, नेहमी नकार देतं. आज गपचूप घेतला. काच आता फरशीत — तिचे केस तेवढे दिसतात. पुन्हा फक्त केस.

इयाद दार वाजवतायत. रुवैदा उघड, म्हणतात, बायकोला घेऊन आलोय. उठायला हवं. उठले तर ती दिसणार नाही —

ती थोपटतेय. खालून.

फरशी मऊ लागतेय हाताला, ओली. कोपरापर्यंत गेला हात. बोटं लागली तिची. आले गं, आले, थोडंच राहिलंय, तू फक्त हात सो