लाल शाईतले एकसष्ट दिवस

३ मार्च
राष्ट्रीय परिचारिका संघाचं परिपत्रक आलं. प्रत्येक शाखेने वॉर्डातल्या एखाद्या खऱ्या अडचणीवर निबंध पाठवायचे. देशातून एक निवडणार आणि तो लिहिणारा दहा दिवस आंतरराष्ट्रीय परिषदेला जाणार. परिपत्रक तीनदा वाचलं. त्यात माझं नाव नाही, पण वर्णन माझंच आहे. अकरा वर्षं पाच नंबर वॉर्डाचा इन्चार्ज, नऊ वर्षं शाखेचा सेक्रेटरी. दुसरं जाणार कोण?
संकल्प: रोज एक पान निबंध. रोज वीस मिनिटं इंग्रजी. ही वही फक्त स्वतःसाठी, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

५ मार्च
विषय ठरला. "राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिचर्या संघटनांची भूमिका". परिपत्रकात वॉर्डातली अडचण म्हटलंय, पण ते सर्वसामान्यांसाठी. निबंध लिहायला शाखेच्या ऑफिसात जाऊन बसलो. वॉर्ड अबोलीवर सोपवला. अबोली म्हणजे आमची स्टाफ नर्स. दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. ड्यूटी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लाल शाईने "संघटना कार्य" लिहिलं. हे मी कायम लाल शाईनेच लिहितो. पुढेमागे कुणी शाखेचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला शोधत बसावं लागू नये.

११ मार्च
जिन्याचा तक्ता तयार. सगळ्यात खाली वॉर्ड, त्यावर शाखा, त्यावर राष्ट्रीय संघ, सगळ्यात वर आंतरराष्ट्रीय परिषद. वॉर्डातला प्रश्न पायरी पायरीने वर जातो, वर त्यावर विचार होतो, नियम होऊन खाली येतो, आणि जगातल्या सगळ्या नर्सेसचं भलं होतं. शाखेच्या पायरीवर माझा फोटो चिकटवला. ड्यूटी रूममध्ये जागा नव्हती, म्हणून औषधांच्या वेळांचा फळा काढून तिथे टांगला. मेट्रनबाईंनी दुपारी उतरवून चादरींच्या खोलीत नेऊन ठेवला. जळतात.
घरी हिला जिना समजावून सांगितला. ही म्हणाली, पायरीवर कुणी ठाण मांडून बसलं की येणाऱ्याजाणाऱ्यांची पंचाईत होते. ही शाळेत गणित शिकवते. संघटना हा तिचा प्रांत नाही.

१७ मार्च
निबंध: शून्य पानं. मुखपृष्ठ झालं. इंग्रजी: एकूण चार मिनिटं. सोमवारपासून जोरात.

२२ मार्च, संध्याकाळी
अबोली घरी आली होती. जेवणाच्या टेबलावर ती आणि ही कागद पसरून चौकटी आखत होत्या. तिच्या मुलीचं गणित कच्चं असावं. मी आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस करत होतो. अबोलीने दारात येऊन विचारलं, की गेल्या चौदा महिन्यांच्या ड्यूटी रजिस्टरमधले काही आकडे उतरवून घेतले तर चालतील का. म्हटलं, खुशाल. शिकणाऱ्या माणसाला मी कधी आडवा येत नाही.

३० मार्च
शेवटची तारीख. शाखेकडे निबंध आले दोनच. माझा अकरा पानी (शेवटची नऊ पानं संघटनांच्या पत्त्यांची) आणि अबोलीचा दोन पानी. तिचं शीर्षक "वॉर्डातील मनुष्यबळ: एक पाहणी". शीर्षकालाच जांभई आली. सेक्रेटरी म्हणून दोन्हींवर "वाचले, तपासले, मान्य" लिहून सही करावी लागते. केली. वाचत बसायला सवड कुणाला? शिवाय मन मोठं करून तिच्या निबंधाखाली माझं एक वाक्य जोडलं: "यातील आकडेवारी अचूक असल्याची मी स्वतः खात्री देतो." बिचारीला तेवढंच बरं वाटेल.

१४ एप्रिल
मेहुण्याकडून चाकांची मोठी बॅग आणली. शेजाऱ्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. बॅग फक्त तीनदा जिन्यातून वर-खाली नेली. कोट शिवायला टाकला. शिंप्याने पोट आत घेऊ नका म्हणून सांगितलं, तरी घेतलं. परिषदेपर्यंत उतरेलच.

८ मे, दुपारी
दगा.
निवड अबोलीची. देशातून एक, आणि तो माझ्या वॉर्डातून, माझ्या शाखेतून, माझ्या सहीने. मेट्रनबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मी घेतला नाही. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून घेतला.

९ मे
निबंध वाचला. पहिल्यांदाच.
पाच नंबर वॉर्डाला तिने "एक वॉर्ड" म्हटलंय आणि मला "इन्चार्ज अ". चौदा महिन्यांत इन्चार्ज अ एकसष्ट दिवस संघटनेच्या कामासाठी बाहेर. एवढ्या दिवसांत बदली माणूस एकदाही नाही. तीस पेशंटना एक नर्स. औषधांना सरासरी चाळीस मिनिटं उशीर. एकदा नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजी वाट पाहून पाहून एकट्याच उठल्या आणि पडल्या. मनगट मोडलं.
तारीख पाहिली. त्या दिवशी मी शाखेच्या ऑफिससाठी पडद्याचं कापड निवडत होतो. निळं घेतलं होतं.
अबोलीला जाब विचारला. ती म्हणाली की आकडे तुमच्याच रजिस्टरमधले आहेत, सर. लाल शाईमुळे मोजायला फार सोपं गेलं. तिची दहातली दोन वाक्यं ही.

१० मे
घरभेदी घरातच. सरासरी हिने काढून दिली. म्हटलं, नवऱ्याच्या विरोधात? ही म्हणाली, इन्चार्ज अ कोण ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण बेरीज बेरीज असते. मग म्हणाली, नऊ नंबरच्या आजींचं तुम्ही मला घरी येऊन कधी सांगितलं नाहीत. मी पेपर वाचत राहिलो. वाईट वाटलं. कुणाबद्दल ते इथे लिहीत नाही.

१२ मे
राष्ट्रीय संघाकडे कडक तक्रार धाडली. चार पानी. मागणी: इन्चार्ज अ म्हणजे मीच, हे कुणालाही सहज ओळखता येईल, तरी निबंध रद्द करून दुसरा क्रमांक, म्हणजे मी, परिषदेला पाठवावा. आता बघतो.

२ जून
उत्तर आलं. संघ म्हणतो, वॉर्डातले असे प्रश्न वर पोचवणं हीच आमची भूमिका आहे. आकडेवारीची खात्री आपणच दिलेली आहे. इन्चार्ज अ कोण, हे आपलं पत्र येईपर्यंत इथे कुणालाही माहीत नव्हतं. आपण स्वतः पुढे येऊन ते कबूल केलंत, हे धैर्य दुर्मीळ आहे, म्हणून आपल्या पत्राची प्रत सर्व शाखांना पाठवली आहे.
सर्व शाखांना. म्हणजे एकशे बारा.

१५ जून
अबोली गेली. मेहुण्याची बॅग हिने तिला परस्पर दिली. दहा दिवस अबोलीची ड्यूटी कोण करणार, असं मेट्रनबाईंनी विचारलं आणि माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हटलं, शाखेची मीटिंग आहे. त्या म्हणाल्या, सभासदांनी तुमच्या सोयीसाठी पुढे ढकलली आहे.
संकल्प: दहा दिवसांत वॉर्ड कसा चालवतात ते दाखवून देतो.

१६ जून
सकाळी सात ते तीन. बसलो नाही. एका सलाईनला शीर चार वेळा शोधली. औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक अडतं. कधीपासून, म्हणून विचारलं. आया म्हणाली, दोन वर्षं.

१९ जून
पाय सुजलेत. औषधांना पन्नास मिनिटं उशीर. चाळीसमध्ये ती कशी उरकत होती?

२४ जून
परिषदेत अबोलीला उभं राहून टाळ्या मिळाल्या, असा संघाचा निरोप आला. आपल्या संघाने ठराव मांडला: बदली माणूस दिल्याशिवाय कुणीही वॉर्ड सोडून संघटनेच्या कामाला जायचं नाही. एकमताने मंजूर. जिना खरंच चालतो. माझ्याच तक्त्याप्रमाणे चालला आणि मलाच खाली उतरवून गेला. नऊ वर्षं ज्या संघटनेसाठी झिजलो तिने केसाने गळा कापला. फार लागलं मनाला.

२५ जून
सतरा नंबरचे आजोबा घरी गेले. मांडीचं हाड मोडलेलं, दोन महिने आमच्याकडे होते. जाताना त्यांनी अभिप्रायाचा फॉर्म भरला:
"दहा दिवसांपूर्वी एक नवीन ब्रदर आलेत. वयाने मोठे आहेत, पण नोकरी उशिरा लागली असावी. सुई टोचायला अजून जमत नाही. धावपळ मात्र मनापासून करतात. अबोलीसिस्टरांच्या हाताखाली ठेवले तर तयार होतील. इन्चार्ज साहेबांनी त्यांना सांभाळून घ्यावे. (इन्चार्ज साहेबांची भेट झाली नाही.)"
फॉर्मखाली "वाचले, तपासले, मान्य" लिहून इन्चार्जची सही लागते.
या वेळी वाचलं. मग निळ्या शाईने सही केली.