द्वारकेला पाठवलेली बाटली

मळा, ता. निफाड
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप गोटीरामदादास,
धाकट्या बहिणीचा, लंकाचा शि. सा. न.

कागद लिहायचं कारण तुझे कान. थर्मल वीजकेंद्राच्या टर्बाइनने ते खाल्ले आणि फोनवर मी ओरडते तेव्हा सगळी वस्ती ऐकते, तुला सोडून. वहिनींना नमस्कार, नातीला, सृष्टीला आशीर्वाद.

इकडे गॅसची पाइपलाइन आमच्या ओढ्याखालून जायची आहे. पलीकडच्या काठाला चाचणीचं ड्रिल मारलं. ते फिरावं म्हणून जमिनीत चिकट मातीचं पाणी सोडतात म्हणे. तिसऱ्या दिवशी आपल्या विहिरीला ताकासारखं पाणी! शेवंतीला सोडलं तर मुळाशी पांढरी पापडी धरते. पितोही तेच, दुसरं कुठून आणू?

गावातल्या बाकीच्यांनी सह्या करून टाकल्या, हरकत एकट्या ह्यांचीच उरली. अर्जात ह्यांनी अवकाळीचंही लिहिलं, की तीन वर्षं गारांनी फुलं झोपतात, हवा बिघडत चाललीय आणि तुम्ही आणखी जाळायचीच सोय करताय. हरकती ऐकणारा साहेब हसला म्हणे. हवामान राहू द्या, पाण्याचा लॅबचा कागद सतरा तारखेच्या सुनावणीला आणा, म्हणाला. सृष्टीने तिच्या लॅबमधून दोन रिकाम्या बाटल्या धाडल्या होत्या, त्यातली एक आज फुलांच्या टेम्पोत देते आहे. द्वारकेच्या चौकात टेम्पो थांबतो, तिथं उतरवून घ्यायला सांग तिला. हे तालुक्याला गेलेत, म्हणून मीच भरली. तुझ्याकडे जायची वस्तू, अगदी नीट करून भरलीय, काळजी नको.

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
लंका


एकलहरे
१९ फेब्रुवारी २०२५

चि. लंकास,
अनेक आशीर्वाद.

बाटली पोहोचली होती. तपासणी लॅबमधल्या दुसऱ्यांनी केली, सृष्टीने कागद बंद पाकिटातच सुनावणीला नेला, मीही सोबत गेलो. साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचला. गढूळपणा मर्यादेत, पाणी पिण्यायोग्य.

सोमनाथराव उभे राहून म्हणाले की कागद चुकीचा आहे, पाणी ताकासारखं आहे, चला दाखवतो. साहेब म्हणाले की लॅबमध्ये तुमच्याच मेव्हण्याची नात, बाटली तुमच्याच घरची, आता आम्ही काय करावं? हे सगळं सृष्टीने मला नंतर लिहून दाखवलं. मला ऐकू आलं नाही, पण हसणारी तोंडं दिसली. हरकत फेटाळली. सोमनाथराव तो कागद घडी करून खिशात ठेवत होते आणि पुन्हा काढून बघत होते.

हवेबद्दल मी काय बोलू? बत्तीस वर्षं कोळसा जाळून पगार घेतला. सृष्टी म्हणते, गॅसला धूर कमी, पण तापवायचं ते तोही तापवतोच. ते असो. मधल्या दिवसांत पाणी निवळलं होतं का? की सोमनाथराव उगाच हट्टाला पेटले? खरं काय ते कळव.

म्हाताऱ्याची आठवण ठेव.
तुझा,
दादा


मळा, ता. निफाड
२७ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न.

पाणी निवळलं नव्हतं. ते मी निवळवलं.

कळशी काढली तर पांढरंफेक. हे असलं पाणी दादाच्या नातीच्या ऑफिसात पाठवायचं? चार लोक बघतील, म्हणतील कुठली ही माणसं. मग तुरटी फिरवली, झाकून ठेवलं, गाळ बसल्यावर वरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं आणि भरलं. पाहुण्याला देताना करते तसंच. गाळ मोगऱ्याला ओतला. तपासायला द्यायचं म्हणजे जसंच्या तसं द्यायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाय रे. सातवी शिकले मी, काय ही अक्कल!

हे सुनावणीहून आले तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. कागद माझ्यापुढे धरला, वाच म्हणाले. वाचता वाचता कळलं. मी तव्यावरची भाकरी उलटली.

पारावर ह्यांना आता ताकवाले म्हणून हाक मारतात. हे मान खाली घालून जातात. रडू यायला पाहिजे ना? येत नाय. फुलं तोडते, पाट्या भरते, जेवते. लय बधिर झालेय. ह्यांना सांगू का नको, तूच सांग.

रागावलास तरी पत्र टाक.
लंका


एकलहरे
८ मार्च २०२५

चि. लंकास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. सृष्टी साहेबांना भेटून आली. हुकूम निघाला, आता नवी बाटली चालत नाही, म्हणाले. गाळू नका एवढं सांगायला हवं होतं, चूक माझीच, असं म्हणून ती जेवली नाही.

मला तुझा राग आला आणि गेला. आपल्या आईनेही तेच केलं असतं. पण सोमनाथरावांना तूच सांग, मी सांगणार नाही. सगळा गाव त्यांना खोटं ठरवतोय. घरात तरी कुणीतरी त्यांना खरं म्हणायला हवं.

तब्येत सांभाळ.
दादा


मळा, ता. निफाड
२२ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र बारा दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं, मग ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला घास खाल्ला, हात धुतला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, की तुरटी किती फिरवली. मी म्हटलं, सात-आठ वेढे. बरं, म्हणाले.

पाइप ओढ्याखालून गेला. वर माती सारखी करून खुणेचे खांब रोवले. विहीर पांढरी ती पांढरीच. सकाळी उठून आता हेच हंड्यात तुरटी फिरवतात, मला हात लावू देत नाहीत. रागाने नाय. मी पुरे म्हणेपर्यंत फिरवतच राहतात.

सृष्टीची दुसरी बाटली घरात होती, तिच्यात ह्यांनी विहिरीचं पाणी भरून ओसरीवर ठेवलंय. नुसती बघितली तर वर नितळ, खाली बोटभर गाळ. पाइप पुढच्या गावांना चाललाय. तिथली माणसं विचारायला येतात, की तुम्हाला काही त्रास झाला का. हे बाटली उचलतात, हलवतात आणि त्यांच्या पुढ्यात ठेवतात. परवा दोघी बाया आल्या होत्या. त्यांची हरकतीची मुदत अजून आहे. मी म्हटलं, भराल तेव्हा गाळू नका.

राखीला ये. हे तुलाही बाटली हलवून दाखवतील, बघ आणि गप बस. प्यायला मात्र मी गाळूनच देईन, दादा. तेवढ्याला नाही म्हणू नकोस.

तुझी,
लंका