सटवाईचा चष्मा

माय, तू होतीस तेव्हा तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तू वाचणार नव्हतीस आणि मी गप्प बसणार नव्हते, त्यामुळे सगळं तोंडीच भागायचं. आता सांगण्यासारखं म्हणजे, तुझ्या नातीला, माझ्या पोरीला, बंगळुरूला मुलगी झाली. आणि परवा तिने घरी पाचवी केली. म्हणाली, आजी करायची तशीच.

आजी करायची तशी. जालन्याच्या एमआयडीसीच्या मागची पत्र्याच्या खोल्यांची ती लाईन. बा रोलिंग मिलमध्ये, तू बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला. ताई बाळंतपणाला आलेली, तिचा पोरगा पाच दिवसांचा. तू कोपरा पुसून घेतेस, पांढरा रुमाल अंथरतेस, त्यावर कोरा कागद, पेन आणि विहारातून आणलेली मेणबत्ती. पाचव्या दिवशी सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, म्हणून कागद-लेखणी ठेवायची, ही तुझ्या आजीची रीत. पण धम्म घेतला तेव्हा तुझ्या वडलांनी घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. सटवाई गेली, कागद राहिला. मी विचारलं, "मंग लिहिणार कोण?" तू म्हणालीस, "त्याचं तो लिहील की. आपण कागद कोरा ठिवायचा." तेवढ्यात डावीकडच्या खोलीतली मुसलमान खाला मलिदा घेऊन हजर. त्यांच्यात सहावा दिवस असतो, पण तिला कुठे धीर. "छट्टी करना तो बराबर करना, बाजी. आधा-अधूरा नक्को!" उजवीकडच्या बिहारी भाभीच्या गावी बाळाला आत्या काजळ घालते. ताईची नणंद हसनाबादहून काही येऊ शकली नाही, तर भाभीच आत्या झाली आणि वर नेगाची, म्हणजे आत्याच्या मानाची, साडी मागून बसली. अशी तुझी पाचवी. धड कुणाचीच नव्हती, आणि त्या लाईनीत सगळ्यांना आपलीच वाटायची.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झालेली, एका साप्ताहिकात विनोदी लेख लिहायला लागलेली. हातात नवा चाकू आला की पोरं आधी घरच्याच खाटेचा पाय तासतात. मी तुझ्यावर लिहिलं. देव सोडले, पण सटवाईची हजेरी काही सुटली नाही, असं. तेवढ्याने हशा पिकणार नव्हता म्हणून पदरचा एक चष्मा घातला: लाईनीतली वीज गेलेली, देवी म्हातारी, तिला अक्षर दिसावं म्हणून आमची माय कागदाशेजारी बापाचा चष्मा ठेवते. बाला चष्मा नव्हताच. लोक पोट धरून हसले. मिलच्या गेटवर कुणी तरी बाला विचारलं, "काय राव, देवीनं चष्मा परत दिला का?" ताईने तुला तो लेख वाचून दाखवला, तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात थांबला नाही. शेवटी म्हणालीस, "सटवाईचं लिहिलेलं कुणाला दिसत न्हाई. तुझं तर पानभर दिसून राह्यलं." वाक्य झकास होतं. मी ते वहीत टिपून घेतलं, पुढच्या लेखासाठी.

मग चारेक वर्षांनी मी अंबडहून, सासरहून, तुझ्याकडे बाळंतपणाला आले. पाचव्या दिवशी कोपरा रिकामा. खाला ताट घेऊन दारातच थबकली. "क्या बाजी, आज कुछ नै?" तू म्हणालीस, "नको. आमच्या घरात लिहिणारी हाय." मी आत पोरीला पाजत होते. "ठेव गं माय कागद," एवढं म्हटलं असतं तर तू उठली असतीस, मला माहीत आहे. पण माझी तत्त्वं आडवी आली. निदान मी लाजेला तेव्हा तत्त्व म्हणत होते. पोर चालायला लागायच्या आत तू गेलीस.

परवा संध्याकाळी लेकीने मोबाइलवर कोपरा दाखवला. रुमाल, कागद, पेन, मेणबत्ती, काजळाची डबी. आणि चष्मा. ताईने तो लेख जपून ठेवला होता, त्याचा फोटो तिला पाठवला. तुझ्या पाचवीची जगात तेवढीच लेखी नोंद, आणि ती मी केलेली. शेजारची तेलुगू बाई विचारत होती, "ये चश्मा किसलिए?" पोरगी ताठ मानेने म्हणाली, "हमारे जालना में ऐसाच करते, आंटी. मेरी नानी रखती थी." बाईला पटलं. तिची सून पुढच्या महिन्यात बाळंत होणार, म्हणाली, हम भी रखेंगे. माय, तुझ्या वडलांनी देवी काढली, तू कोरा कागद ठेवलास, भाभीने काजळ आणलं, खालाने मलिदा, आणि माझ्याकडून पुढच्या पिढ्यांना ही थाप. ती थाप आहे, हे मी सांगितलं नाही. "माझ्या पाचवीलाही आजीने असंच केलं असेल ना?" असं ती म्हणाली, तेव्हा मी नुसती मान डोलावली.

मग तिने विचारलं, "मम्मी, बाळाला कागदासमोर धरून आजी काय म्हणायची? लेखात ते नाहीये." मी म्हणाले, काही नाही गं, आजी गप्पच असायची.

हे पत्र ताईकडे देणार नाही. माझं लिहिलेलं तिच्या तोंडून तू एकदा ऐकलंस, तेवढं पुरे. फक्त इतकंच, की तू गप्प नव्हतीस. ताईच्या पोराला मांडीवर घेऊन तू वाकली होतीस आणि तुझे ओठ बराच वेळ हलत होते. मी दोन हातांवर उभी होते. पण नेमका तेव्हाच मला तो चष्मा सुचला होता, आणि विसरू नये म्हणून मी वही शोधत होते.