विहीणबाईंच्या स्वयंपाकाची निर्दोष मुक्तता

सन्माननीय व्याही महाशय यांस,

सादर नमस्कार. आपली आणि विहीणबाईंची प्रकृती उत्तम असेलच, असे लिहून पुढे जाण्याची पद्धत आहे. मी आज ते गृहीत धरत नाही, विचारतो: कशी आहे? उत्तर देण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे. माझी प्रकृती ठीक आहे, आणि ‘ठीक’ हा शब्द मी नऊ दिवसांत प्रथमच पुराव्यानिशी वापरत आहे.

कन्येकडून (म्हणजे आपल्या सुनेकडून, व्यक्ती एकच, परंतु आपल्या घरची बातमी सांगताना ती सून असते आणि मला रागावताना कन्या) असे समजले की, त्या रविवारपासून विहीणबाईंनी कढई चुलीवर चढवलेली नाही. ‘माझ्या हातचं खाऊन व्याही दवाखान्यात गेले,’ असे त्यांनी आपल्या थोरल्या जावेस सांगितले, आणि जावेने ते उरलेल्या जगास सांगितले. कन्या बिचारी अडकित्त्यातल्या सुपारीसारखी मधोमध सापडली आहे. त्यात आपण मला पाहण्यास दवाखान्यात आलात तेव्हा, खुर्चीत बसून थोडा श्वास घेतल्यावर, ‘काही नाही हो, ग्यास! हे डॉक्टर लोक उगाच राईचा पर्वत करतात,’ असे मत दिलेत. आपला हेतू मला धीर देण्याचा होता, यात शंका नाही. परंतु त्या मताचा दुसरा अर्थ आपल्या ध्यानात आला नाही. ग्यास असेल तर तो जेवणाने झाला, आणि जेवण विहीणबाईंनी केले. म्हणजे मला वाचवण्याच्या भरात आपण स्वतःच्या पत्नीस दोषी ठरवून बसलात. हा निकाल फिरवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून घटनाक्रम जसा घडला तसा मांडतो.

त्या दिवशी साडेअकराला आम्ही उभयता आलो. आपले घर चौथ्या मजल्यावर, इमारतीस लिफ्ट नाही. आपण खालपर्यंत घ्यायला आलात (हा आपला मोठेपणा), आणि वर जाताना नेहमीप्रमाणे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला थांबवून खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दाखवलीत. मग जेवण. विहीणबाईंचा हात सढळ आणि माझी जीभ निर्लज्ज, अशी गाठ पडल्यावर गोडाचे तीन वाढे कसे झाले ते कळले नाही. चौथ्याला मी हात आडवा धरला, पण तो अशा बेताने की बोटांमधून वाढता यावे. चौथा वाढा अर्धा झाला असेल, तोच छातीच्या मधोमध कोणी पाटा ठेवावा तसे दडपण आले. कपाळावर घाम आला. डाव्या जबड्यात एक बारीक कळ उठली, तिचा मी दाढेशी संबंध लावला (ती दाढ दोन वर्षांपूर्वीच काढलेली आहे, हे नंतर आठवले).

आता माझी अडचण पाहा. चाळीस वर्षे मी वर्गात ‘पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे’ हे अनुमान शिकवले. स्वतःच्या छातीत अग्नी पेटल्यावर मात्र तो कोणत्या पर्वतावरचा, हे मला ठरवता येईना. अपचन म्हणावे, तर भरल्या पंक्तीत विहीणबाईंच्या पाककौशल्याचा अपमान. हृदय म्हणावे, तर दुसऱ्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, हात खरकटा असताना असे काही काढणे शिष्टाचारास धरून नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आमच्या तर्कशास्त्रात याला उभयापत्ती म्हणतात. दोन्ही बाजूंनी विचार केल्यावर मौन हाच निष्कर्ष निघाला. आयुष्यातला माझा सर्वांत काटेकोर आणि सर्वांत मूर्ख निष्कर्ष तो हाच. आपण माझा चेहरा पाहून गोळ्यांची डबी पुढे सरकवलीत आणि म्हणालात, ‘चघळा एक. दोन मिनिटांत खाली उतरेल. मी रोज घेतो, मला काय झालंय?’ मी एक चघळली, ‘एक काम आठवलं’ असे म्हणालो, आणि पत्नीला भरल्या ताटावर सोडून जिना उतरलो. सेवानिवृत्त मनुष्याला रविवारी दुपारी दीड वाजता कोणते काम आठवते, हे कोणी विचारले नाही, याबद्दल मी आभारी आहे.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे पोचलो. तेथे चार गिऱ्हाइके रांगेत होती. माझी हकीकत ऐकून त्यांनी रांग मोडली आणि न्यायालय भरवले. खोकल्याचे औषध न्यायला आलेल्या एका बाईंनी उलटतपासणी घेतली, ‘डावा हात दुखतोय का? नाही ना? मग ग्यासच!’ मागचा एक गृहस्थ म्हणाला, ‘माझ्या मेव्हण्यालाही अस्संच झालं होतं.’ मी मोठ्या आशेने विचारले, ‘मग?’ तो म्हणाला, ‘गेला.’ यावर बाई त्याच्यावर कडाडल्या, ‘अहो, माणसाचं तोंड तरी बघा आणि मग बोला!’ औषधवाल्याने पाण्यात फसफसणारी पूड घालून दिली. मी प्यालो. मला ढेकर आली, आणि चांगली मोठी आली. ‘बघा!’ असे सर्वांनी एकमुखाने म्हटले, आणि खटला निकाली निघाल्यासारखी रांग पुन्हा लागली. ढेकर आली हे खरे. छातीवरचा पाटा मात्र होता तेथेच होता. हे मी सांगू लागलो तेव्हा ऐकायला कोणी मोकळे नव्हते. तेवढ्यात माझा माग काढत पत्नी आली. ‘दोन्ही शक्यता तपासून पाहतो आहे,’ असे मी तिला समजावू लागलो. ती म्हणाली, ‘तर्क गाडीत करा.’

दवाखान्यातल्या डॉक्टर आपल्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी विचारले, ‘दुखतंय की जळतंय?’ मी म्हणालो, जळणे हा दुखण्याचाच एक प्रकार आहे, तेव्हा हे दोन पर्याय परस्परांना वगळत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘आजोबा, आडवे व्हा.’ छातीला तारा चिकटवून आलेख काढला. तो निर्दोष निघाला. मी विजयी मुद्रेने सदऱ्याची बटणे लावू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. ‘एक आलेख चांगला आला म्हणजे हृदय चांगलं आहे, असं नाही होत. सुरुवातीला कधी कधी दिसतच नाही. रक्त आत्ता तपासू, थोड्या तासांनी परत तपासू. कुठे जायचं नाही.’ न दिसणे म्हणजे नसणे नव्हे! या एका चुकीसाठी मी किती विद्यार्थी नापास केले असतील, त्याची गणती नाही. आणि आज मी सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर नापास झालो. दुसऱ्या तपासणीत रक्ताने खरे सांगितले. संध्याकाळी मनगटातून तार घालून हृदयाची एक बुजत आलेली वाट मोकळी केली, आणि पुन्हा बुजू नये म्हणून तेथे जाळीची नळी बसवली.

घरी सोडताना मी डॉक्टरांना या दोहोंतला भेद सूत्ररूपाने सांगण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, जेवणानंतर जळजळ, आडवे झाल्यावर वाढणारी, घशाशी आंबट येणारी, ती बहुधा पित्ताची. चालताना, जिना चढताना येणारे आणि थांबले की उतरणारे दडपण, घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ, हे बहुधा हृदयाचे. ‘पण ही दोघं एकमेकांचे कपडे घालून फिरतात. गोळीने बरं वाटलं, ढेकर आली, यानं काही सिद्ध होत नाही.’ मग घरच्या घरी ओळखायचे कसे, असे मी विचारले. ‘ओळखायचं नाही. यायचं.’ इतका संक्षिप्त आणि अखंडनीय युक्तिवाद मी माझ्या विभागात कधी ऐकला नाही.

सारांश, वाट अनेक वर्षांपासून बुजत होती; विहीणबाईंचा स्वयंपाक केवळ घटनास्थळी हजर होता. हजर असणे हा गुन्हा नव्हे. त्यांची निर्दोष मुक्तता झाल्याचे आपण स्वतः, मोठ्याने, शक्य तर थोरल्या जावेच्या समक्ष जाहीर करावे, आणि कढई चुलीवर चढवण्याची त्यांना विनंती करावी. मला तळलेले वर्ज्य आहे. वास वर्ज्य नाही.

सर्व दोष स्वतःकडे ठेवून,
आपला व्याही

ता. क. सत्याशी प्रतारणा नको म्हणून नमूद करतो की, डॉक्टरांना हृदयाबरोबर थोडे अपचनही सापडले. दोन विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात. हे कलम फक्त चौथ्या वाढ्यास लागू आहे. विहीणबाईंना पत्र वाचून दाखवताना येथे खोकावे.

ता. क. २. आपली गोळ्यांची डबी नऊ दिवस सापडत नाही, आणि आपण कपाटे उपसत आहात, असे कळले. ती मी नेली. प्रथम गडबडीत खिशात गेली, हे मान्य; नंतर परत केली नाही, ते मात्र समजून उमजून. आम्ही आलो तेव्हा आपण माझ्यासमोर दहा गोळ्यांची पट्टी त्या डबीत मोकळी केलीत. दवाखान्यात मी ती उघडली तेव्हा आत चार होत्या. एक मी खाल्ली. उरलेल्या पाचांचा हिशेब आपण द्यावा. आपण हयातभर पुलांची तपासणी केलीत. वरून रंग चांगला आहे म्हणून कोणत्या पुलाला ‘सुरक्षित’ असा शेरा दिलात? डबी सध्या डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात आहे. ती इतर कोणाच्या हाती न देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ आपल्या नावाने घेतली आहे. सून सोबत येईल, आणि मी दारात उभा असेन. त्याआधी पुन्हा छाती दाटली, तर गुरुवारची वाट पाहू नये, गोळीही शोधू नये, तडक निघावे.

ता. क. ३. मला भेटायला दवाखान्यात आलात तेव्हा पहिल्या मजल्यासाठी तुम्ही लिफ्टने आलात, हे पत्नीने पाहिले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून ती पाण्याची टाकी तुम्ही मला आजवर अकरा वेळा दाखवली आहे, दर वेळी कठड्याला धरून, दर वेळी आधीपेक्षा थोडा जास्त वेळ. तिच्यात पाहण्यासारखे काहीही नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तरीही ती बाराव्यांदा दाखवायला तुम्हीच असावेत, अशी माझी मागणी आहे. या मागणीला माझ्याजवळ युक्तिवाद नाही.