चिंचेनं घासलेली नाणी

मी, श्रीमती अक्काताई श्रीपाल मगदूम, वय ७६, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, माझ्यामागे काय व्हावे ते या कागदात लिहून ठेवते. वकिलांनी माझ्या नावापुढे 'धंदा : घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या लेथच्या कारखान्यात मी यजमानांच्या बरोबरीने उभी राहिले, माल टेम्पोत चढवला आणि गिऱ्हाइकांशी भांडलेही. तेव्हा 'धंदा : कारखानदारी' असे वाचावे. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाच्या धाकाने मी हे लिहीत नाही. मला धाक घालणारा माणूस अजून राजारामपुरीत राहायला यायचा आहे.

१. राहता फ्लॅट मुलगा जिनेश आणि सून प्रियदर्शनी यांना निम्मा निम्मा द्यावा. दोघांचीही नावे लागली पाहिजेत. जिनेशचे औषधांचे दुकान बरे चालते, त्याला याहून जास्त देत नाही. तो चिडेल. लहानपणीही चिडायचा, जेवायची वेळ झाली की यायचा.

२. बँकेतल्या ठेवीतून माझ्या दवाखान्याचा खर्च भागवावा. उरेल ते आमच्या जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, पाठशाळेला द्यावे. भिंतीवर माझ्या नावाची फरशी बसवू नये.

३. माझ्या पाटल्या प्रियदर्शनीला. नणंदबाईंनी एका लग्नात घालायला म्हणून नेलेली बोरमाळ कधी परत आलीच, तर तीही तिलाच.

४. आता नाणी. हे कलम लांबणार आहे, वकिलांनी मध्ये बोलू नये.

माझे यजमान कै. श्रीपाल यांना शोध लावणाऱ्यांची नाणी जमवायचा नाद होता. आपल्याकडची शास्त्रज्ञांच्या स्मरणार्थ काढलेली, परदेशातली, मिळतील तशी. धाकटा मुलगा अनेकांत अमेरिकेत गेला. तिथल्या सरकारने दरेक राज्यातल्या एकेका शोधाचे किंवा नव्या कल्पनेचे एक डॉलरचे नाणे काढायला घेतले, तेव्हापासून तो तीही पाठवू लागला. विजेच्या दिव्याचे आले, पोलिओच्या लशीचे आले, टेलिफोनचे आले. अनेकांत स्वतः मात्र आला नाही. वडील गेले तेव्हाही तो फोनवरच होता, आणि ते मला अजून सलते. पोलादी नांगराचे नाणे यजमान गेल्यानंतर आले. ते त्यांनी बघायला पाहिजे होते. आख्खी एमआयडीसी हिंडून दाखवून आले असते.

दिवाळीत सकाळी बस्तीत महावीरांना निर्वाणलाडू चढवून झाला की संध्याकाळच्या लक्ष्मीपूजनाला मी ही सगळी नाणी पाटावर मांडत असे. मांडण्याआधी चिंचेने धुऊन, रांगोळीने घासून लख्ख करायची, जशी माझ्या सासूबाई देवाची भांडी घासायच्या तशी. मग यजमान एकेक नाणे जिनेशच्या लेकीच्या, आदितीच्या हातात देऊन त्याची गोष्ट सांगायचे.

गेल्या श्रावणात जिनेशने सांगलीहून एक नाणीवाले बोलावून आणले. मला न विचारता. त्यांनी भिंग लावले आणि त्यांचा चेहरा पडला.

"आज्जी, ह्ये कशानं धुतलंयसा?"

"चिंचेनं. मग रांगोळीनं घासलं."

"दरवर्षी?"

"मग? लक्ष्मीपुढं काळी नाणी मांडू व्हय?"

"घासलेल्या नाण्याला गिऱ्हाईक न्हाय ओ. नाकं-डोळं झिजल्यात की सगळ्यांची."

जिनेश डोक्याला हात लावून बसला. "आई, पार वाट लावलीस की गं!"

मी पाहुण्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. मला वाईट वाटले नाही, आजही वाटत नाही. नातीच्या हातात देण्यासाठी नाणी घासली, भिंगाखाली धरण्यासाठी नव्हे. त्यानंतर जिनेशने यजमानांमागे आलेली, प्लॅस्टिकच्या डबीतली नाणी बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली. लॉकर माझ्याही नावावर आहे, मी ती परत आणली. नांगराची डबी खिळ्याने उचकटावी लागली.

सगळी नाणी आदितीला देते. ती विकू नयेत, लॉकरमध्ये कोंडू नयेत. कारखान्याच्या शेडमधल्या बाकावर स्टीलच्या डब्यात ठेवावीत आणि कोणी बघायला मागितली तर हातात द्यावीत. दिवाळीला चिंच चालू ठेवावी.

५. शिरोली एमआयडीसीतली शेड, जी यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर झाली आहे, तिचे सर्व हक्क, दोन्ही लेथ आणि थ्री-फेज कनेक्शन यांसह मी आदितीलाच देते. एकटीला.

याचे कारण लिहिते, म्हणजे कोर्टात कोणी 'म्हातारी भुलली' म्हणायला नको. आदिती इंजिनिअर आहे. पुण्याची नोकरी सोडून ती उसाचा पाला सोलायचे यंत्र बनवते आहे. ऊस सोलणाऱ्या बायकांचे हात ज्याने पाहिले आहेत, त्याला कशासाठी हे विचारावे लागत नाही. यंत्र अजून नीट चालत नाही. पाते उडाले, पट्टा तुटला, एकदा शेडचा पत्राही फाटला. त्यावरून घरात झाले ते असे :

"शेडला गिऱ्हाईक दारात उभं हाय," जिनेश म्हणाला. "आणि ही पोरगी त्यात भंगार गोळा करतीया."

"पप्पा, मी मशीन न्यायचं कुठं? टेरेसवर थ्री-फेज हाय का?"

"आधी लग्नाचं बघ, मग थ्री-फेजचं."

प्रियदर्शनी सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "तिला करू दे की." जिनेश ताटावरून उठून गेला.

त्या रात्री मी ठरवले. शोध लावणारा मेला की त्याचे नाणे निघते, हार पडतात, भाषणे होतात. जिवंत असतो तेव्हा त्याला छप्पर लागते, वीज लागते आणि 'अजून झालं न्हाय व्हय?' असे न विचारणारे एखादे माणूस लागते. नाणे काढणे सरकारचे काम आहे. छप्पर मी देते. यंत्र चालले नाही तरी शेड परत घेऊ नये. चालले आणि पोरगी मोठी झाली, तर जिनेशने 'माझी मुलगी' म्हणून मिरवावे. माझी हरकत नाही.

६. हत्यारे शेडबरोबर जातील. फक्त यजमानांचे माप घ्यायचे व्हर्नियर कॅलिपर शेजारच्या फौंड्रीचे जोतीराम इंगवले यांनी नेले आहे आणि विचारले की "आणतो की वहिनी" म्हणतात. ते या कागदाचे साक्षीदार आहेत, त्यामुळे हे कलम त्यांना ऐकून घ्यावेच लागेल.

७. अनेकांतला वडिलांचे घड्याळ. ते त्याने येऊन न्यावे, पोस्टाने पाठवू नये.

८. या कागदाची अंमलबजावणी प्रियदर्शनीने करावी. ती कमी बोलते आणि हातात घेतलेले काम पुरे करते.

९. आता शेवटचे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते, असे वकील सांगतात. म्हणजे शेडसाठी आदितीने माझ्या मरणाकडे डोळे लावून बसायचे. मग मेल्यावर हार घालणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? म्हणून शेडची किल्ली मी आज सकाळीच तिच्या हातात दिली आहे. हा कागद माझ्यामागे तिला कोणी बाहेर काढू नये, एवढ्यासाठीच. मला ते यंत्र नीट चालताना बघायचे आहे आणि बघितल्याशिवाय मी जाणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

(सही) अक्काताई श्रीपाल मगदूम

साक्षीदार :
(सही) जोतीराम दत्ताजी इंगवले, शिरोली
(सही) डॉ. अनुजा विजयसिंह चव्हाण, राजारामपुरी

स्थळ : शिरोली एमआयडीसी, शेडमध्ये. आदितीच्या मशीनची चाचणी चालू असल्यामुळे साक्षीदारांना मजकूर ओरडून वाचून दाखवावा लागला. मी ते बंद करू दिले नाही.

दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५