गतिरोधक कोणाच्या दारात?

सदाशिव पेठ, पुणे
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

चि. दत्तप्रसाद यास मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. ही वेळ लक्षात ठेव, पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. दिवाळी आटोपून तू नागपूरला सुखरूप पोहोचलास आणि कंबर बरी आहे, असे धरून चालते. (कंबरेकडे मी पुन्हा येणार आहे.) मी ठीक. गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे वाईट.

तर त्या वेळी आपल्या कुसुमताई दूध घेऊन गल्ली ओलांडत होत्या. वय एक्क्याऐंशी, हातात दोन पिशव्या. एक स्कूटर इतकी अंगाला घासून गेली की त्या तुझ्या बंद दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसल्या आणि पिशव्या फुटल्या. मी योगासनांच्या वर्गाहून परतले, तोवर मांजरांची पंगत उठत आली होती आणि ताई अजून त्याच पायरीवर बसून होत्या. तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. जन्मात कोणाकडे वाटीभर साखर न मागितलेली ही बाई आता गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडते आणि कोणी दूध घालील का म्हणून वाट पाहते.

माझे डोके फिरले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडी मारून शिकवलेल्या इंग्रजीत मी गतिरोधकासाठी दोन पानी अर्ज लिहिला, त्यात बेफाम स्कूटरस्वाराला 'समाजाचा शत्रू' म्हटले आणि क्षेत्रीय कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या लिपिकाने पहिली ओळ वाचून तो माझ्याकडे सरकवला. "मॅडम, मराठीत आणा. आणि एकच पान." शिवाय रहिवाशांच्या सह्या, वाहनांची नोंद, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय, आणि गतिरोधक नेमका कोणाच्या दारासमोर हवा ते. शेवटची बाब मला किरकोळ वाटली. (एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवूनही मला जागेचे महत्त्व कळले नव्हते.)

नोंदीसाठी मी तीन सकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून, टोपी घालून, वही घेऊन बसले. एकाने जनगणना का म्हणून विचारले, दुसऱ्याने पार्किंगची पावती मागितली. पण वही घेतलेली मास्तरीण दिसताच प्रत्येक जण गाडी अशी हळू नेई, की माझ्या आकड्यांवरून आपली गल्ली पुण्यातली सर्वांत सभ्य ठरते. त्या तीन दिवसांत सर्वांत वेगाने गेली ती भाजीची हातगाडी.

मग पुरावा हवा म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहायचे ठरवले. एकटीने पाहिले असते तर आज हे पत्र लिहावे लागले नसते. पण मी सात रहिवाशांना साक्षीला बोलावले. दुकानदार ऋषीने सहा बावन्न लावले. लाल स्कूटर, पाठ ताठ, खांद्याला गुंडाळलेली सतरंजी. कोणी काही बोलेना. (सदाशिव पेठेत सात माणसे एका वेळी गप्प बसली, यावरून प्रसंग ओळख.) मी ऋषीला पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या वेळीही मीच होते. आमच्या वर्गाचे दार ठीक सातला बंद होते आणि आत गेल्यावर मन शांत कसे ठेवावे ते शिकवतात.

मी दोन पिशव्या दूध घेऊन कुसुमताईंकडे गेले आणि सगळे कबूल केले.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुझा हॉर्न मी ओळखते."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, तू रागाने अर्ज लिहीत होतीस. पश्चात्तापाने लिहिला असतास तर एकच लिहून थांबली असतीस."

त्यामुळे मी थांबलेले नाही. अर्ज मराठीत लिहिला ('समाजाचा शत्रू' तेवढा गाळला). बेचाळीसपैकी एक्केचाळीस दारांच्या सह्या आणल्या. बेचाळिसावे दार तुझे, त्याला कुलूप आहे. गतिरोधक सर्वांना हवा आहे, फक्त शेजारच्याच्या दारात. एकाच्या भिंतीला तडे जातील, एकाचा कुत्रा दचकेल, एकाची सून बाळंतपणाला टेकली आहे. आणि मी? अर्जदार मी, गुन्हेगार मी. तरी माझ्या दाराची पाळी आली तेव्हा माझी झोप फार सावध आहे, असे मीही सांगितले. बाकीच्यांनी निदान कोणाचे दूध सांडले नव्हते.

कुसुमताईंना पुन्हा आपल्या पायांनी दूध आणता यावे, एवढेच मला हवे आहे. घरच्या सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
मृणालताई

ता. क. १ : कुसुमताई जिथे ओलांडतात तिथे समोर तुझा दवाखाना येतो. अर्जात मी तीच जागा घातली आहे. तुझी गाडी बुटकी आहे आणि कंबर नाजूक, हे मी जाणते. पण तू वर्षातून आठ दिवस येतोस, आणि स्वतः हाडांचा डॉक्टर आहेस. अधिकारी गुरुवारी, २७ तारखेला जागा पाहायला येतील. हरकत असल्यास मंगळवार, २५ नोव्हेंबर, सायंकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर माझ्या हाती पडावे. फोन चालणार नाही. उत्तर न आल्यास संमती धरली जाईल.

ता. क. २ : हे पत्र पेटीत टाकायला कुसुमताई स्वतः जाणार आहेत, सतरा दिवसांनी प्रथमच. त्या ओलांडेपर्यंत मी हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहीन. तूर्त गतिरोधक मीच आहे. साध्या टपालाने पत्र नागपूरला बुधवारी पोहोचते, असे पोस्टात सांगितले. मुदत मात्र मंगळवारचीच आहे.