एका कोयत्यात दोन माणसे

मी, फरजाना चाँद बागवान, वय अडुसष्ट, अविवाहित, अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार नेकनूर, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या बुद्धीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन वाद घालावा. अजून मी आहे.

१. शरियतप्रमाणे मिळकतीचा दोन तृतीयांश हिस्सा माझा एकुलता भाऊ अल्ताफ याचा आहे. घर त्याने त्यातच घ्यावे. "आपा, तू शीक. फळाचा गाडा मी बघतो," म्हणून त्याने शाळा सोडली. कायदा नसता तरी घर त्यालाच दिले असते.

२. उरलेल्या एक तृतीयांशातून खाली लिहिलेली पुस्तके आणि आरामखुर्ची वगळून बाकी सर्व डॉ. तेजश्री राम तांदळे हिला द्यावे. कारण लिहिते.

मी शिकले तेव्हा अर्थशास्त्र म्हणजे पंचवार्षिक योजना होत्या. शिकवू लागले तेव्हा बाजारपेठ आली, मग गणित आले. शेवटी आमच्या संस्थेचे अध्यक्ष राधाकिशनराव म्हणाले, "मॅडम, पोरं येत न्हाईत. कॉम्प्युटरला खोली पायजे. हा विषय कशापायी ठेवायचा?" मी एक वर्ष मागून घेतले.

त्याच वर्षी मजुरीचा धडा चालू असताना ऊसतोड कामगारांची मुलगी, ही तेजश्री, उभी राहिली. "मॅडम, मुकादम नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतो. आगाऊ उचल बापाच्या हातात देतो. मग माझ्या आईची मजुरी ह्या पुस्तकात कुठं हाय?"

कुठेच नव्हती. मी पुस्तक मिटले आणि वर्ग घेऊन उसाच्या फडावर गेले. सहकारी प्रा. बद्रीनाथ चिडले, "हे समाजशास्त्र झालं!" पण मुलांनी आणलेली माहिती पाहून तेच गणित मांडायला बसले. आमचा शोधनिबंध छापून आला, पुढच्या वर्षी वर्ग भरला, विभाग वाचला. आज तेजश्री तोच विभाग सांभाळते. या पैशातून तिने मुलांना फडांवर, कारखान्यांवर, बाजारात न्यावे.

३. पुस्तके विभागाला द्यावीत. जुनी म्हणून एकही रद्दीत जाऊ नये. शास्त्र कुठे चुकले हे ठाऊक नसलेला माणूस संगणकावर तीच चूक जास्त वेगाने करतो.

४. आरामखुर्ची बद्रीनाथ सरांना द्यावी. भांडून ते थकले असतील.

५. राधाकिशनरावांनी मातीला अवश्य यावे. भाषण करू नये.

६. माझ्या नावाने कॉलेजला सुट्टी देऊ नये. त्या दिवशी अर्थशास्त्राचा तास व्हावा, आणि मला उत्तर आले नसते असा एक तरी प्रश्न मुलांनी विचारावा.

ज्यांना वर काही दिले आहे, त्यांची साक्ष घेतलेली नाही. वाचून, समजून सही करते.

फरजाना चाँद बागवान
नेकनूर, १२ ऑगस्ट २०२५

आमच्यासमोर सही झाली:
१. विमलबाई युवराज काळे
२. लुबना शहेबाज पठाण